गाडी सपाट लावणारा

"अजून एक बोट पुढं घे, परमेश्वरा. एकच बोट. थांब. थांब म्हणलं ना."

परमेश्वर हे ड्रायव्हरचं नाव. पण राधाकिसन ते असं काही आळवून घ्यायचा, की भोवती जमलेल्या बायाबापड्यांना क्षणभर वाटावं, हा माणूस गाडी लावायच्या आधी देवाला साकडंच घालतोय. परमेश्वरने ब्रेक दाबला. पुढचं डावं चाक सागवानी फळीवर चढून थांबलं आणि बस एकदाची गप्प झाली.

बस पांढरी, कमरेला हिरवा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना एकेक मोठा डोळा रंगवलेला. जालन्याच्या ज्या पेंटरने तो काढला त्याचा हात बहुधा सिनेमाच्या पाट्यांवर बसलेला असावा, कारण डोळ्याला नटीला शोभतील अशा लांबलचक पापण्या होत्या. गावोगावची पोरं तिला डोळ्याची गाडी म्हणत. बसच्या पुढच्या अर्ध्या भागात डोळ्यांच्या ऑपरेशनची खोली होती. मागच्या भागात गॅसचा ओटा, पाण्याची टाकी आणि एकावर एक अशा झोपायच्या फळ्या. महिन्यातले वीस-बावीस दिवस ही बस जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात मुक्कामाला असायची. आत्ता ती जांब समर्थच्या अलीकडच्या एका गावात, शाळेमागच्या रिकाम्या तुकड्यात उभी होती. सोयाबीन निघून गेलेलं, धसकटं तेवढी राहिलेली, आणि सगळी जमीन डावीकडे ओढ्याकडे उतरत गेलेली.

अशा जमिनीवर बस नुसती उभी करून भागत नाही. आत ज्या टेबलावर माणूस झोपतो ते टेबल कललेलं चालत नाही, आणि टेबलावर जी दुर्बीण लोंबते तिला तर मुळीच चालत नाही. म्हणून आधी खालच्या बाजूची चाकं फळ्यांवर चढवायची. मग चाकांना पाचरी ठोकायच्या. मग चारही कोपऱ्यांत रुंद फळ्या टाकून त्यांवर जॅक लावायचे आणि गाडीचा भार जॅकवर घ्यायचा, म्हणजे आत कोणी चाललं तरी गाडी डुलत नाही. शेवटी ऑपरेशनच्या खोलीत जमिनीवर पाणसळ ठेवायची, आधी लांबीत, मग आडवी. काचेच्या नळीतला बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मधोमध आला, की बाहेर येऊन "बराबर" म्हणायचं.

सत्तावीस वर्षं हा शब्द राधाकिसनच म्हणत आला होता. त्याने म्हटल्याशिवाय डॉक्टर हातमोजे घालत नसत.

त्याला या कामावर घेतलं अण्णासाहेबांनी. ते त्या वेळचे डोळ्यांचे डॉक्टर, बोलायला फटकळ, स्वभावाने लोणी. राधाकिसन तेव्हा चौतिशीत होता, गवंड्याच्या हाताखाली जात होता. बापाची मेंढरं कधीच विकली गेली होती. अण्णासाहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी आत नेलं आणि बुबुळ केवढं असतं ते करंगळीचं नख दाखवून सांगितलं, आणि त्याच्यात मी केवढी चीर देतो ते तिळावर नख ठेवून. "आता तू ठरव," ते म्हणाले होते, "गाडी कितपत वाकडी चालेल." त्या रात्री राधाकिसनला झोप लागली नव्हती.

पण काम त्याच्या रक्तातलंच निघालं. लहानपणी मेंढरांमागे रानोमाळ हिंडताना रोज संध्याकाळी नवी जागा असायची, आणि आई आल्या आल्या तांब्यातलं थोडं पाणी भुईवर सांडून ते कुठल्या अंगाला पळतं ते बघायची. चुलीचे तीन दगड मग ती असे मांडायची, की भगुलं काठोकाठ भरलं तरी थेंब सांडू नये. झोपताना उसं चढाकडे, पाय उताराकडे. ज्याचं घर रोज हलतं त्याला सपाट जागेची किंमत कळते, दुसऱ्या कोणाला ती तेवढी कळत नाही. आईला तेवढं कळत होतं आणि मुलाकडे ते आपसूक आलं होतं.

अण्णासाहेब त्याला म्हणत, "राधाकिसन, तुझं काम मोठं वाईट. नीट झालं तर कोणाला पत्ताच लागत नाही." आणि पुढच्याच गावी पुढाऱ्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, की तो काढून राधाकिसनच्या जॅकला अडकवून ठेवत. ते दिवस आठवले की राधाकिसनला आजही हसू यायचं. अण्णासाहेब गेले त्याला सहा वर्षं झाली. राधाकिसनची बायको गिरिजाबाई त्याच्याही आधी गेली. एका दिवाळीच्या सुट्टीत ती आणि त्यांची छोटी मुलगी छकुली अशा दोघी त्याच्यासोबत बसमध्ये आठ दिवस राहिल्या होत्या, हसनाबादच्या मुक्कामाला. पहिल्या रात्री छकुली म्हणाली, आबा, माझं डोकं खाली जाऊन राह्यलंय. राधाकिसनने रागावण्याऐवजी उठून कंदील घेतला, खाली उतरला आणि मागच्या जॅकखाली एक पातळ फळी सरकवली. पोरीचं म्हणणं खरं होतं. गिरिजाबाई खिडकीतून बघत होती आणि म्हणाली होती, घरी कधी खाटेला पाचर लावली न्हाई या माणसानं. त्यात तक्रार नव्हती असं नाही. पण त्या आठ दिवसांएवढे सुखाचे दिवस त्या तिघांना पुन्हा मिळाले नाहीत, आणि ते मिळणार नाहीत हे त्याला तेव्हाही कळत होतं.

आता तो एकसष्ट वर्षांचा होता. संस्थेने त्याला वर्षावर वर्ष वाढवून ठेवून घेतलं होतं, कारण त्याच्यासारखी गाडी कोणाला लावता येत नाही अशी समजूत होती. समजूत खरीही होती. फक्त गेल्या दिवाळीपासून राधाकिसनला तो बुडबुडा दिसत नव्हता.

आधी काच मळली असेल म्हणून त्याने ती धोतराच्या सोग्याने पुसली. मग नवीन पाणसळ मागवली. तिच्यातही तेच धुकं. डावा डोळा आधीपासूनच अधू होता, आणि आता उजव्यातही दुधाळ साय धरायला लागली होती. हे काय आहे हे कळायला त्याला डॉक्टरची गरज नव्हती. असे डोळे घेऊन आलेली हजारो माणसं त्याने हात धरून बसच्या तीन पायऱ्या चढवली होती. त्यांना तो सांगायचा, घाबरायचं काय त्याच्यात, पंधरा मिनिटांचं तर काम. स्वतःच्या बाबतीत मात्र त्याने ही गोष्ट लग्नाच्या पोरीचं वय लपवावं तशी लपवली. गाडी लावणाऱ्याला बुडबुडा दिसत नाही म्हटल्यावर त्याला गाडीवर कोण ठेवणार? आणि गाडी नाही, तर मग काय? जालन्यात एक खोली होती, तिच्या भिंतींपेक्षा बसचे पत्रे त्याच्या जास्त ओळखीचे होते.

तेव्हा त्याने दुसऱ्या वाटा काढल्या. ताटात पाणी घ्यायचं, बोटाने चाचपून कुठल्या कडेला जास्त आहे ते बघायचं. ते जमेनासं झालं, कारण मीना सिस्टरने फरशी औषधाने पुसल्यावर आत पाण्याचा थेंबही आणायला बंदी केली. मग राहिलं स्वयंपाकाच्या भागाचं दार. हे दार बिजागरीत मोठं हलकं होतं. गाडी जराशी कलली, की ते आपण होऊन त्या बाजूला सरकायचं. गाडी सपाट असली, की अर्धं उघडून सोडलं तरी सोडलं तिथेच थांबायचं. राधाकिसन पाणसळ ठेवायचा, तिच्यावर वाकून बघितल्यासारखं करायचा आणि मग मागे जाऊन दार अर्धं सोडायचा.

आजही त्याने तेच केलं. दार सोडलं. दार हललं नाही. त्याला जरा नवल वाटलं, कारण पायांना काहीतरी वेगळंच वाटत होतं. पण ऊन चढत होतं, शाळेच्या ओसरीत अकरा माणसं उपाशीपोटी बसली होती, आणि पायांचं म्हणणं ऐकावं की दाराचं, यात त्याने दाराचं ऐकलं.

"बराबर," तो बाहेर येऊन म्हणाला.

अकरांमध्ये पहिला नंबर द्वारकाबाईंचा होता. सत्तरीच्या आसपासची बाई, कपाळ रिकामं, हातात काठी. त्यांचा एक डोळा तरुणपणीच कपाशी वेचताना पऱ्हाटीचं टोक लागून गेला होता. उरलेल्या एकाच डोळ्यावर सगळा संसार, आणि त्याच्यावर आता मोतीबिंदू. शेजारी सून बसली होती. राधाकिसन नेहमीप्रमाणे जाऊन त्यांच्यापाशी उकिडवा बसला. ऑपरेशनआधी माणसांशी चार शब्द बोलणं हे काही त्याच्या कामात लिहिलेलं नव्हतं, पण ते तोच करायचा.

द्वारकाबाई म्हणाल्या, की त्यांना फार काही बघायचं नाही. नातवंडं बघून झाली, देव बघून झाला. पण सून डाळ निसते ती त्यांना पसंत नाही, दर घासाला खडा लागतो. सुनेने तोंडाला पदर लावला आणि हसून घेतलं. मग द्वारकाबाईंनी आवाज बारीक केला.

"भाऊ, एकच राह्यलाय हो माह्यापाशी. आन ही तर मोटार हाय. मधीच हालली, तर?"

"न्हाई हालत, माय," राधाकिसन म्हणाला. "म्या लावलीय ती."

हे वाक्य त्याने सत्तावीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. आज मात्र बोलता बोलता त्याला पायांना वाटलेलं ते वेगळंपण आठवलं. मीना सिस्टर आली, द्वारकाबाईंच्या डोळ्यावर खूण केली आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेली.

डॉक्टरांना पहिल्या ऑपरेशननंतर चहा लागतो. राधाकिसन मागच्या दाराने ओट्यापाशी गेला, पातेल्यात पाणी ओतलं आणि सवयीने बोट घातलं. डोळ्यांना माप दिसेनासं झाल्यापासून तो पाणी बोटानेच मापायचा. या कडेला पाणी पहिल्या पेरापर्यंत आलं. पातेल्याला पक्कड लावायला तो पलीकडे वळला आणि तिकडून पुन्हा बोट घातलं, तर पेराला नखभर कमी.

त्याने परत बघितलं. इकडे पेर, तिकडे नखभर कमी.

पातेल्यात नखभर म्हणजे गाडीच्या रुंदीत चार बोटं. हा हिशेब त्याला झोपेतून उठवलं तरी आला असता. त्याने पातेलं तिथेच ठेवलं आणि दाराकडे गेला. दाराला एका बोटाने ढकललं. दार सरकलं आणि बोट काढताच थांबलं, गादीत रुतल्यासारखं. त्याने खाली वाकून हात फिरवला. दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी मारलेली होती, नवीकोरी, स्क्रू लावून. मग त्याला आठवलं. काल जालन्याहून निघायच्या आधी परमेश्वर म्हणाला होता, हे दार रस्त्यानं लई आपटतं, मामा, त्याचं कायतरी करतो. बिचाऱ्याने केलं होतं.

आत टेबलावर द्वारकाबाई होत्या. टेबलावर माणूस असताना जॅकला हात लावता येत नाही, तेव्हा गुपचूप जाऊन सारखं करून येण्याची वाट बंद होती. गप्प बसायची वाट होती. चार बोटांनी काय होतं, दुर्बिणीचा हात घट्ट करतीलच की, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्याला स्वतःची शिसारी आली. पुढे जाऊन बोललं, की गाडीवरचं आपलं दाणापाणी संपलं, हेही त्याला त्याच क्षणी स्पष्ट कळलं. तो मधल्या बोळकांडीतून पुढे गेला आणि ज्या दारावर सत्तावीस वर्षांत एकदाही टकटक केली नव्हती त्या दारावर त्याने टकटक केली.

दार लगेचच उघडलं. मीना सिस्टर बाहेरच यायला निघाली होती.

"सिस्टर, म्याडमला म्हणावं, हात लावू नका," राधाकिसन म्हणाला. "गाडी डावीकडं कललीय. चार बोटं. मला बुडबुडा दिसत न्हाई."

मीनाच्या हातात मोबाईल होता आणि त्याच्यावर मोठं गोल वर्तुळ उजळलेलं होतं, त्यात एक ठिपका, मध्यापासून बाजूला सरकलेला. एवढं मोठं राधाकिसनला दिसत होतं. असलं वर्तुळ त्याने परमेश्वरच्या मोबाईलवर पाहिलं होतं. परमेश्वर म्हणाला होता, याच्यात बी लेव्हल कळते, मामा, आणि राधाकिसनने त्याला उडवून लावलं होतं.

त्याने मोबाईलकडे बघितलं, मग मीनाकडे. दिवाळीपासून पाच-सहा वेळा तरी ही पोरगी अशीच बाहेर येऊन त्याला म्हणाली होती, काका, डावीकडच्या चाकात हवा कमी वाटतेय का हो, एक पातळ फळी सरकवता का. आणि तो मोठ्या तोऱ्यात जाऊन फळी सरकवून आला होता.

"चाकात हवा कमी हाय म्हणून सांगायला येत होती न्हाई का तू?" त्याने विचारलं.

मीनाने मान खाली घातली.

तेवढ्यात डॉक्टर तृप्ती हात वर धरूनच दारात आल्या. त्यांनी द्वारकाबाईंना टेबलावर नुसतं झोपवलं होतं, औषधाचे थेंब तेवढे घातले होते. वय असेल पस्तीस. अण्णासाहेबांच्या हाताखाली शेवटची दोन वर्षं शिकलेल्या. मास्कमुळे त्यांचे फक्त डोळेच दिसत होते, आणि त्यांत राग नव्हता, हेच राधाकिसनला जास्त लागलं.

"तुमाला ठावं होतं," तो म्हणाला.

"काका, मी डोळ्यांची डॉक्टर आहे. तुम्ही रोज समोर बसून मला चहा देता."

"मंग बोलल्या कामून न्हाई?"

"दोनदा म्हटलं होतं ना, एकदा बसा, तपासते म्हणून. तुम्ही हसण्यावारी नेलं. तुमच्या तोंडून यावं म्हणून थांबले होते. पेशंटच्या बाबतीत धोका घेतला नाही मी, दर वेळी मोजून घेत होते. पण इतकं थांबायला नको होतं. चूक माझीही आहे."

राधाकिसनला त्या क्षणी लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि तिच्या तळाशी कुठेतरी हलकंही वाटलं. सहा महिने ओझं डोक्यावर वाहिल्यावर ते कोणीतरी उतरवून घ्यावं तसं. पण त्याच्याबरोबर हेही कळलं, की सहा महिने त्याच्या "बराबर" शब्दावर कोणी विसंबलेलं नव्हतं. ते मात्र काही केल्या गिळवेना.

डॉक्टरांनी द्वारकाबाईंना उठवून बाहेर खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही फळ्या बघा, बुडबुडा मी बघते. तशी गाडी पुन्हा लावली गेली. राधाकिसन काळ्या मातीत पालथा झाला, मागच्या डाव्या जॅकखालची फळी त्याने बदलली, पुढचा जॅक चार आटे चढवला. परमेश्वर त्याच्या शेजारी आडवा होऊन बघत होता आणि रबराच्या पट्टीबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागत होता. राधाकिसनने त्याला गप्प केलं आणि सांगितलं, की नुसता बुडबुडा मधी आला म्हणून भुलायचं न्हाई, जॅकचा खांब मातीत अजून दबणार हाय का ते बघायचं. फळीवर उभं राहायचं, टाच दाबायची. माती कुरकुरली तर अजून एक फळी. ही गोष्ट मोबाईल सांगत न्हाई. परमेश्वरने फळीवर टाच दाबली. वरून डॉक्टरांचा आवाज आला, की आला मधोमध. बराबर म्हणायचं आता कोणी, हे कोणालाच कळलं नाही, म्हणून कोणीच म्हटलं नाही.

द्वारकाबाईंना त्याने स्वतः पायऱ्या चढवल्या. पंचवीस मिनिटांनी त्या डोळ्यावर पट्टी घेऊन उतरल्या, आणि आता त्यांना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. पण त्यांनी हात धरणाऱ्याला विचारलं, हा हात त्या भाऊचाच का? मग म्हणाल्या, न्हाई हालली बरं का.

यादीत बाराव्या नंबरला मीनाने राधाकिसनचं नाव लिहिलं. पेशंटसोबत माणूस असल्याशिवाय ऑपरेशन करायचं नाही हा अण्णासाहेबांपासूनचा नियम, तेव्हा छकुलीला फोन गेला. ती अंबडला दिलेली, कोर्टाजवळ नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान, तिथे तीच बसायची. दुपारी अडीचला ती जीपने येऊन उतरली ती घुश्शातच.

"आबा, मला लोकानं सांगावं का हे?"

"आता सांगितलं ना."

"म्या फोनवर विचारत होते, कसे हाव, तर बराबर. काय बी विचारलं का बराबर." तिने त्याच्या गुडघ्यावरची माती पदराने झटकली. मग जवळच बसून राहिली आणि घरून आणलेलं पाणी त्याच्या पुढे केलं, आणि ते उपाशीपोटी चालत नाही म्हणून मीनाने काढून घेतलं तेव्हा डोळे पुसत हसली.

ज्या टेबलासाठी त्याने जन्म काढला त्याच्यावर राधाकिसन कधी झोपला नव्हता. पाठ टेकल्यावर त्याने सवयीने अंदाज घेतला. डोकं खाली नाही, पाय खाली नाहीत. डावा खांदा जड नाही, उजवा जड नाही. अंगाखाली गाडी आहे हेच कळेना. एवढी वर्षं लोकांना आपण हे देत होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि ज्या डोळ्यावर काम व्हायचं होतं त्याच डोळ्यात पाणी आलं. डॉक्टर तृप्तींनी ते टिपून घेतलं आणि म्हणाल्या, काका, आता हलू नका. तो हलला नाही.

रात्र सगळ्यांनी शाळेच्या खोलीत काढली. सकाळी पट्ट्या काढल्या. द्वारकाबाईंनी सगळ्यांत आधी सुनेकडे बघितलं आणि ती वाळली म्हणून तिला रागे भरल्या. राधाकिसनला छकुलीच्या कानशिलाजवळचे चार पांढरे केस दिसले. ते कधी आले ते त्याला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, थेंबांच्या बाटल्या दिल्या, आणि जे त्या सगळ्यांना सांगत तेच त्यालाही सांगितलं. महिनाभर खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला, कारण यातली एकेक गोष्ट म्हणजे राधाकिसनचं काम होतं. बसला आज हसनाबाद गाठायचं होतं, तिथे उद्या चौदा माणसं होती.

"महिन्यानं तपासायला या," त्या म्हणाल्या. "मग बघू."

"येतो," राधाकिसन म्हणाला. महिन्यात परमेश्वर दहाएक वेळा तरी गाडी लावणार होता. दहा वेळा लावल्यावर माणूस शिकतो. तो स्वतः आठ वेळांत शिकला होता. हे त्याला कळत होतं आणि डॉक्टरांनाही कळत होतं.

त्याने पाणसळ कापडात गुंडाळून परमेश्वरच्या हातात दिली. हसनाबादच्या मैदानात पिंपळाच्या बाजूला भराव आहे, तिथे जाऊ नको, आडाच्या अंगाला लाव, एवढंच सांगितलं. परमेश्वर वाकून पाया पडायला लागला तर त्याला दंडाला धरून उभं केलं. फळ्या मोजून आत घेतल्या का, हे त्याने तीनदा विचारलं. मग बस सुरू झाली, धसकटांवरून हलत डुलत रस्त्याला लागली, आणि रंगवलेला डोळा बाभळींच्या आड गेला.

सत्तावीस वर्षांत प्रत्येक गावातून राधाकिसन त्या बसमध्ये बसून निघाला होता. आपण गेल्यावर मागे काय राहतं हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आता ते समोर होतं, आणि नव्या डोळ्याला लख्ख दिसत होतं. काळ्या मातीत जॅकच्या फळ्यांचे चार चौकोन दबलेले होते, चारी कडा तासून काढल्यासारख्या. जवळच्या चौकोनात तर लाकडाच्या रेषाही उमटल्या होत्या. सगळं रान ओढ्याकडे उतरत गेलेलं, धसकटं, ढेकळं, उंदरांची बिळं, आणि त्यात हे चारच तुकडे सपाट. चार दिवसांनी मालक नांगर घालणार होता, असं शाळेचे मास्तर म्हणाले होते.

रस्त्यावर जीप येऊन उभी राहिली आणि छकुलीने हाक मारली. राधाकिसनला वाटलं, खाली बसावं आणि त्या चौकोनावरून एकदा हात फिरवावा. पण वाकायचं नव्हतं. छकुलीने पुन्हा हाक मारली. तो हातातली थेंबांची पिशवी सांभाळत, ताठ उभा राहून, बघत राहिला.